उचलून घेणं

चमचा ओठांपाशी पोचला आणि भिंगरीनं मान फिरवली.

फिरवली ती डावीकडे. जिकडे ही मान सहसा वळायचीच नाही, तिकडे. जन्मल्यापासून ती उजवीकडे ओढ घेत आलेली. डावीकडे वळावी म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी काय काय करून पाहिलं होतं. खुळखुळे वाजवले, रंगीत दिवे लावले, पलंगाची उशी पायथ्याला नेली. मान ढिम्म. आणि आज, कुस्करलेल्या केळ्याचा चमचा समोर असताना, भिंगरीनं सगळं अंग ताठ केलं, तिच्या कपाळावरची शीर फुगली, मुठी आवळल्या, आणि जड दार कुणी रेटत न्यावं तशी तिनं ती मान डावीकडे नेली. तिकडे खोलीचं दार होतं. दारापलीकडे आरशासमोर तिचे बाबा दाढी करत होते आणि शीळ घालत होते.

आईच्या हातातला चमचा हवेतच राहिला. तिला खरं तर ओरडायला हवं होतं, अरे बघ, हिनं मान वळवली, डावीकडे वळवली! दहा वर्षांत जे झालं नाही ते झालं होतं. पण कमरेला बांधलेला रुंद पट्टा एकदम काचायला लागला. ती नीट बसली. मग तिनं विचारलं, "बाबांच्या हातून हवंय का?" भिंगरीनं डोळे वर नेले. डोळे वर म्हणजे हो. ही खूण आईनंच तिला शिकवली होती, महिनोन्‌महिने समोर बसून. आपणच शिकवलेल्या भाषेत आपल्याला कुणी नको म्हणावं, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"ये रे," तिनं हाक मारली, "तुझी वाट बघतायत इथं."

नवरा अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून आला. "काय गं ए, आईला छळतेस?" असं म्हणत त्यानं चमचा घेतला, दोन सुरांची शीळ घातली, आणि भिंगरीनं तोंड उघडलं. आई बघत राहिली. हा हनुवटीला खालून आधार देत नव्हता. चमचा नको तितका भरत होता. एक घास पुरता गिळला जायच्या आत दुसरा पुढे करत होता. "ठसका लागेल," ती म्हणाली. "नाही लागत," तो म्हणाला. तिनं वाट पाहिली. एक घास गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्याला भिंगरी हसली, थोडं केळं गालावर आलं, त्यानं ते अंगठ्यानं पुसून स्वतःच खाऊन टाकलं. ठसका काही लागला नाही. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण त्या ठसक्याची वाट बघत होतो. ती उठली, भिंतीला धरून, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे आधी कुशीला कलून मग पायांवर जोर देत उठली, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच नळ सोडून उभी राहिली.

तिला रुग्णालयातून येऊन जेमतेम आठवडा झाला होता. कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकली होती, आणि ती सरकलेली गादी पायाकडे जाणाऱ्या शिरेवर बसली होती. एका सकाळी भिंगरीला पलंगावरून खुर्चीत घेताना तिच्या कमरेतून तापल्या तारेसारखं काहीतरी गेलं, आणि ती मुलीसकट पलंगावर कोसळली. मुलगी खाली नाही पडली; पडता पडताही तिनं स्वतःला तिच्याखाली घातलं होतं. शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "यापुढे भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. मूल वगैरे तर विसराच." मूल वगैरे. त्या 'वगैरे'कडे बघत ती कितीतरी दिवस रुग्णालयाच्या छताखाली पडून होती. तिला दुसरं काही येतच नव्हतं. उचलणं येत होतं. भिंगरीला उचलायचं म्हणजे आधी तिचे गुडघे दुमडायचे, मग कंबर, मग ती आपल्याकडे कलती करायची. थेट हाताला धरलं की तिचं सगळं अंग धनुष्यासारखं मागं ताणलं जातं. कानाशी काही वाजलं की ती दचकते आणि तिचे दोन्ही हात बाहेर उडतात, तेव्हा नाक वाचवायचं. हे सगळं तिच्या दंडांना ठाऊक होतं. मुलगी वाढत गेली तसे दंडही वाढत गेले. माहेरी गेली की भाऊ म्हणायचा, "तायडे, कुस्तीला उतरतेस का?" आणि ती हसून दंड फुगवून दाखवायची. पुढे माहेरी जाणंच कमी झालं. मुलीला घेऊन जायचं म्हणजे अर्धं घर घेऊन जायचं, आणि मुलीला ठेवून जायचं तर कुणापाशी?

भिंगरी हे नाव पोटात असतानाच पडलं होतं. तेव्हा ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक समोर बसवायचं, त्याच्या नाकावर तपासणीची चौकट चढवायची, एकामागून एक काच बदलत विचारायचं, "आता बरं दिसतं, का आधी बरं दिसत होतं?" दिवसभर हेच. आणि पोटात मूल असं काही फिरायचं की ती काच हातात घेऊन मध्येच थांबायची. दुकानाचे मालक, त्यांना सगळे चष्मेवाले काका म्हणत, ते गल्ल्यावरून म्हणायचे, "अगं, मूल आहे का भिंगरी?" तेच नाव टिकलं. शाळेच्या कामासाठी ठेवलेलं एक वेगळं नाव होतं, पण शाळेचं काम फारसं निघालंच नाही.

जन्माच्या वेळी काय झालं ते तिला कुणी नीट सांगितलं नाही. धावपळ आठवते, पायांवर घातलेली थंड चादर आठवते, आणि मूल न रडल्याचा तो आवाज आठवतो. न रडण्याला आवाज असतो हे तिला तेव्हा कळलं. नंतर पुष्कळ महिन्यांनी, मान धरत नाही, पालथी पडत नाही म्हणून दाखवायला नेलं, तेव्हा तिच्यापेक्षा वयानं लहान असलेल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "मेंदूला थोडा वेळ प्राणवायू कमी पडला असावा. त्यामुळे स्नायूंवरचा ताबा गेलाय. समज आहे तिला, चांगली समज आहे. पण शरीर ऐकणार नाही." नवरा पुढं काय करायचं ते विचारत राहिला. ती त्या 'थोडा वेळ'पाशी अडकली होती. थोडा वेळ म्हणजे किती? एक काच बदलून दुसरी घालायला लागतो तेवढा? कुणीतरी दार उघडून आत यायला लागतो तेवढा? घरी येताना रस्ता ओलांडायला ते थांबले होते, आणि तिला वाटलं, एवढाच असेल. समोरचा दिवा बदलायला लागतो तेवढा.

मग लोक आले. लोक यायचे तेव्हा हमखास म्हणायचे, "देवानं बघूनच तुझ्या पदरात टाकली हो. दुसरीला नसतं जमलं." पहिल्या वर्षी तिला ते ऐकून रडू यायचं. पुढे ती मनात म्हणायची, देवानं बघूनच टाकली असेल तर त्याचा नंबर एकदा तपासायला हवा. आणि तरीही, हे ती कुणाला बोलली नसती, पण त्या वाक्यातला शेवटचा तुकडा तिनं ठेवून घेतला होता. दुसरीला नसतं जमलं. दुकान सुटलं, मैत्रिणी सुटल्या. आधी त्यांचे निरोप यायचे, मग सणासुदीला यायचे, मग ती स्वतःच उत्तर द्यायची विसरली. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत. कुठे ना कुठे लिफ्ट बंद पडायचीच, आणि तो हत्यारांची पिशवी उचलून निघायचा. तिला वाटायचं, शहरातल्या सगळ्या लिफ्ट बंद पडायला भिंगरीच्या अंघोळीचीच वेळ कशी साधतात. पण तो घरी असायचा तेव्हाही तीच म्हणायची, "राहू दे, मी करते." एकटीनं करण्यात वेळ वाचायचा. एकटीनं करता करता घरात एक आतलं घर तयार झालं. त्यात दोघी राहायच्या, आणि त्यांची भाषा डोळ्यांची होती. डोळे वर म्हणजे हो, डोळे मिटले म्हणजे नको, आणि दोन गोष्टी दोन हातांत धरल्या की जिच्याकडे नजर जाईल ती हवी. दुकानातलीच युक्ती. हा फ्रॉक का तो? खिडकी का दिवा? तिकडून तो विचारायचा, "काय म्हणतेय ती?" आणि ही इकडून भाषांतर करून सांगायची. भाषांतर करणाऱ्याला जो एक मान असतो, तो तिला होता.

म्हणून रुग्णालयातून घरी आली त्या दुपारी तिला ते बघवलं नाही. तिच्या मागं नवऱ्यानं रजा टाकली होती आणि सकाळच्या मदतीला एक मावशी ठेवल्या होत्या, हे तिला फोनवर कळत होतं. पण एक गोष्ट त्यानं लपवून ठेवली होती. हात धरून त्यानं तिला सावकाश बाथरूमच्या दारापर्यंत नेलं, वाढदिवसाला पोराला न्यावं तसं. "बघ," तो म्हणाला.

बाथरूमच्या छताला एक जाडजूड आकडा होता. आकड्याला भार हलका करणारी दात्यांची कप्पी, कप्पीतून साखळी, आणि साखळीच्या टोकाला निळ्या कापडाची झोळी, चार कोपऱ्यांना चार पट्टे. मावशी बाजूला उभ्या होत्या, हात पुसत. "दादांनी दोन दिवस खपून केलंय, ताई," त्या म्हणाल्या. "आता मला एकटीलाही अंघोळ घालता येते तिला. आणि काय हसते वर गेली की!"

"तुझ्या-माझ्या दोघांचं वजन एका वेळी पेलेल," तो सांगत होता. "आकडा स्लॅबमध्ये आरपार बसवलाय. पुढच्या महिन्यात पलंगापासून इथपर्यंत रूळ टाकायचा विचार आहे. म्हणजे कुणी उचलायलाच नको."

ती आकड्याकडे बघत राहिली. मावशी हळूच स्वयंपाकघरात गेल्या.

"कधी सुचलं हे?" तिनं विचारलं.

"तिसऱ्या-चौथ्या दिवशी. अगं, माझी कंबर गेली ना! दोनदा बाथरूम, एकदा खुर्ची, परत पलंग. म्हटलं, हे काही माणसाचं काम नव्हे."

"तिसऱ्या दिवशी."

"हो."

"आणि माझी दहा वर्षं?"

ती ओरडली नाही. ओरडायला पाठीत जोर लागतो. ती अगदी हळू बोलली. "दुसऱ्यांच्या घरची कपाटं, दुसऱ्यांचे म्हातारे, दुसऱ्यांची भाजीची पिशवीसुद्धा तू सातव्या मजल्यावर पोचवत होतास. रोज. घरी येऊन पाय धुवायला याच बाथरूममध्ये शिरत होतास. वर बघितलं नाहीस कधी?"

"नाही सुचलं," तो म्हणाला. "खरंच नाही सुचलं. तू उचलायचीस. मला वाटायचं, तुला... तुला ते जमतं."

"जमतं!"

"मग हात लावू दिलास कधी?" त्याचा आवाजही चढला नव्हता. "मी घ्यायला गेलो की तुझं ठरलेलं. गुडघे दुमड, असं नको, तसं नको, सोड तू. मी माझ्याच पोरीला घाबरून होतो गं. या दिवसांत पहिल्यांदा ती आणि मी, दोघंच. मोडली तर मोडली म्हटलं. नाही मोडली."

आतल्या खोलीतून भिंगरीनं आवाज केला. लांब, घशातला, 'ऊऽ' असा. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, सवयीनं, भाषांतर करून सांगावं म्हणून तोंड उघडलं, आणि तिला तो आवाज ओळखता आला नाही. हा नवा होता. नवऱ्यानं शीळ घातली, आणि आतून परत 'ऊऽ' आला. "शिळेला उत्तर देते," तो खाली बघत म्हणाला. त्यानंतर त्या विषयावर ते दोघं बोलले नाहीत. तिनं त्या साखळीला हात मात्र लावला नाही. मावशी भिंगरीला घेऊन बाथरूममध्ये गेल्या की ती खिडकीपाशी जाऊन बसायची. साखळीची खडखड ऐकू यायची, मग हसू ऐकू यायचं, आणि ती रस्त्यावरची माणसं बघत बसायची. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं.

रविवारी नवरा म्हणाला, "आम्ही दोघं नदीकाठच्या बागेत जाऊन येतो. तू पड जरा." आम्ही दोघं. तिनं पिशवी भरायला घेतली, तर ती आधीच भरलेली होती. सुका टॉवेल, पाण्याची बाटली, लाळ पुसायचे रुमाल, सगळं जागच्या जागी. फक्त रुमालांच्या घड्या तिच्यासारख्या नव्हत्या. चाकाची खुर्ची जिन्याच्या फळीवरून उतरवल्याचा धडधड आवाज आला, मग शीळ, मग 'ऊऽ', मग काही नाही.

ती पडली. मग उठली. घर तिला ओळखीचं वाटेना. भिंगरी नसलेलं हे घर तिनं पाहिलेलंच नव्हतं. पलंगावर तिच्या डोक्याचा खळगा होता, उजव्या बाजूला. रिकामा वेळ मिळाला तर काय करायचं याची एक भलीमोठी यादी तिच्या मनात वर्षानुवर्षं होती: झोपायचं, केस नीट विंचरायचे, एखादं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं. आता त्यातलं एकही करावंसं वाटेना. तिनं पुस्तक उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली. ती दिव्यावर चिडली. या घरातले दिवेच मंद. वर्षभरात तिनं नवऱ्याला तीनदा बदलायला लावले होते. तिनं चपला घातल्या आणि बाहेर पडली.

पाय नेतील तिकडे जायचं असं म्हणतात. तिचे पाय तिला दुकानात घेऊन गेले. पाटी बदलली होती, आत एक नवं यंत्र आलं होतं, पण चष्मेवाले काका त्याच स्टुलावर होते, बोटानं काच पुसत. त्यांनी मान वर केली आणि थोडा वेळ बघितलं. "अगंबाई," ते म्हणाले. "भिंगरीची आई."

"डोळे तपासायचेत," ती म्हणाली. असं काही ठरवून ती आली नव्हती.

त्यांनी नवं यंत्र सोडून जुनी चौकट काढली. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. या खुर्चीत ती आयुष्यात कधी बसली नव्हती. ती कायम समोर उभी. चौकट नाकावर बसली, थंड आणि जड. काकांनी एक काच घातली. "आता बरं, का आधी बरं?"

"आता."

दुसरी घातली. "आता बरं, का आधी?"

तिनं छापील कागदाकडे पाहिलं. अक्षरं एकेक करून जागेवर येऊन बसली होती, काळी, स्वच्छ, बारीकसारीक काने-मात्रांसकट.

"आता," ती म्हणाली. "दिवे मंद झालेत असं वाटत होतं मला घरातले."

"दिव्यांचं काही नसतं गं," काका हसले. "चाळिशी म्हणतात याला. सगळे आधी दिव्यांनाच दोष देतात." त्यांनी आणखी एक काच उचलली. "आता? का आधी?"

आधीची बरी होती. ते तिला लगेच कळलं होतं. पण ती म्हणाली, "नीट समजत नाही. परत दाखवा." काकांनी परत दाखवलं. ती परत म्हणाली, "अजून एकदा." बाहेर रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, दुकानात दुसरं कुणी नव्हतं, आणि एक माणूस तिला विचारत होता, तुला कसं दिसतं, आणि काच हातात धरून ती काय म्हणते याची वाट बघत होता. त्याला कसलीही घाई नव्हती. काही झालं तरी ही खुर्ची सोडू नये असं तिला वाटलं. काकांनी तिसऱ्यांदा काच बदलली आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलेलं पाहिलं. "ताण पडतो डोळ्यांवर," एवढंच म्हणाले आणि स्वच्छ फडकं पुढे केलं.

परतताना ती आपल्या इमारतीच्या समोरच्या फुटपाथवर आली, आणि तिला ती दोघं दिसली. बागेतून येत होती. तिनं हाक मारायला हात वर केला, पण मध्ये वाहनं होती. भिंगरी खुर्चीत एका कुशीवर कललेली, एक हात हवेत कुणाला तरी सतत काहीतरी सांगत असल्यासारखा. तोंड उघडं. पाय एकमेकांवर कात्रीसारखे. वाकून तिचे बाबा तिच्या कानात काहीतरी बोलत होते. शेजारून जाणारी एक बाई थबकली, बघत राहिली, तिच्या चेहऱ्यावर ते ओळखीचे भाव आले, अरेरे असे, आणि ती पुढे गेली. या बायकांचा तिला आजवर किती राग आला होता! त्यांच्या नजरेला नजर भिडवून ती त्यांना खाली बघायला लावायची. आणि आज तिला जाणवलं की आपणही त्याच जागी उभ्या आहोत. रस्त्याच्या अलीकडे. लांबून बघतोय. फरक एवढाच, की आपल्याला अरेरे वाटत नाही. आपल्याला हेवा वाटतोय. तिनं हात खाली घेतला. ती दोघं फळीवरून वर चढली, दार लागलं, आणि ती बराच वेळ तिथंच उभी राहिली, जणू त्या घरात कुणाकडे जावं की न जावं हे ठरायचं होतं.

नवऱ्याची रजा संपली. तो जायला लागला. दिवस मावशींचे आणि तिचे झाले. मग एका सकाळी मावशींचा फोन आला, "ताई, अंगात ताप आहे, आज नाही जमायचं." नवरा म्हणाला, "मी अंघोळ घालूनच निघतो," आणि एवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत माणसं होती. तो दारात घुटमळला. तिनंच त्याला घालवलं. "जा. माणसं अडकलीत. मी काही करत नाही, बसून राहते हिच्यापाशी."

"नक्की?"

"अरे, जा."

तो गेला आणि थोड्याच वेळात खुर्चीत बसवलेल्या भिंगरीनं तोंड वेडंवाकडं केलं. वास आला. तिनं वाट बघायचं ठरवलं. पण भिंगरीच्या कातडीला ते सोसत नाही, लगेच लाल होते, आणि ती कण्हायला लागली, बारीक, सलग. आई तिच्याशी बोलली, तिच्या पायांवरून हात फिरवला, खुर्ची बाथरूमपर्यंत ढकलत नेली. तेवढं करता येत होतं. बाथरूममध्ये अंघोळीची आरामखुर्ची भिंतीला टेकून होती. मध्ये एवढंसं अंतर. हे अंतर तिनं किती हजार वेळा पार केलं असेल. एकदाच, तिला वाटलं. आज एकदाच. कुणाला कळणार आहे?

तिनं कोमट पाण्याचा नळ सोडून खाली बादली लावली. मग खुर्चीचे पट्टे सोडले, भिंगरीचे गुडघे दुमडले, कंबर दुमडली, तिला आपल्याकडे कलती केली आणि दोन्ही हात तिच्याखाली घातले. दंडांना सगळं आठवत होतं. केसांचा तोच वास, खांद्याच्या खळग्यात बसणारी तीच हनुवटी. तिनं श्वास रोखला आणि जोर लावणार, तेवढ्यात भिंगरी ताठ झाली. नेहमीच्या ताठरतेसारखी नव्हे. ती जोर लावून मागं झाली, आईच्या खांद्यापासून सुटी झाली, आणि तिनं डोळे मिटले. घट्ट. डोळे मिटले म्हणजे नको.

"अगं, मीच आहे," आई म्हणाली. "मी घेते. काही नाही होत."

डोळे मिटलेलेच. मग उघडले, आणि वर गेले. वर म्हणजे हो. पण कशाला हो? आईनं तिच्या नजरेमागं पाहिलं. वर आकडा होता.

"तिकडे?"

भिंगरीनं डोळे खाली आणले आणि परत वर नेले.

"मला पडू द्यायचं नाहीये तुला," आई हळूच म्हणाली, "का तुला झोका हवाय?" दोन प्रश्न एकदम विचारले की उत्तर मिळत नाही, हे तिला माहीत होतं. दोन्हीपैकी कुठलं खरं, हे तिला कळलं नाही. पुढेही कधी कळलं नाही.

तिनं हात काढून घेतले. निळं कापड घेतलं. मावशी कसं करतात हे तिनं पाहिलं नव्हतं, मुद्दामच पाहिलं नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा पट्टे उलटे लागले आणि सगळं परत काढावं लागलं. एक बाजू मांडीखालून, दुसरी पाठीमागून. भिंगरी कण्हायची थांबली होती. ती एखाद्या शिकाऊ कामगारावर नजर ठेवावी तशी आईच्या हातांकडे बघत होती. चारही पट्टे साखळीच्या टोकाला अडकले. तिनं साखळी धरली. ओढताना पाठीला काही झालं नाही. हाताला कळेल न कळेल एवढाच भार. खडखड, खडखड. खुर्चीचा आणि मुलीचा संबंध सुटला. तिनं पायानं खुर्ची मागं सरकवली, आणि भिंगरी अधांतरी राहिली, किंचित गोल फिरत, आईच्या डोळ्यांच्या पातळीला.

आई बघतच राहिली. इतक्या वर्षांत मुलीला उचलताना तिचा चेहरा तिनं कधी पाहिलाच नव्हता. उचललं की तो खांद्यावर जायचा, मानेमागं. तिथून फक्त श्वास यायचा, लाळ यायची, ऊब यायची. उचलून घेतलं की हिला कसं वाटतं, हे तिनं धरून ठेवलेल्या अंगावरूनच ताडलं होतं. आता तो चेहरा समोर होता. कापडात पाय सैल पडले होते. जांघांतली ती कात्री सुटली होती. मुठी उघडल्या होत्या. दोन्ही भुवया जरा वर गेलेल्या, ओठ मिटलेले, चक्क मिटलेले, आणि सबंध चेहऱ्यावर एक असा निवांतपणा होता की आईला वाटलं, आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलो.

भिंगरीनं तिच्याकडे पाहिलं. वाट बघितली. काहीतरी राहिलं होतं. आईला कळलं काय ते. तिनं ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली. नुसती हवा गेली. परत मारली. हवा आणि थोडी थुंकी. तिला शीळ घालता येत नव्हती. लहानपणी भावानं किती शिकवलं तरी आली नव्हती. तिसऱ्यांदा तर असा काही विचित्र आवाज निघाला की भिंगरीची मान एकदम मागं गेली, छाती हलली, आणि ती हसली. आईसाठी नव्हे, आईबरोबर नव्हे. आईला हसली. कुठलीही पोर आपल्या आईच्या वेंधळेपणाला हसते तशी, खो खो, नाकातून शेंबूड येईपर्यंत.

"हस, हस," आई म्हणाली. तिचा चेहरा तापला होता. "नाही येत मला. बापाला येते, माहितीय."

भिंगरीनं डोळे वर नेले. हो.

हसण्याच्या धक्क्यानं झोळी हळूहळू फिरायला लागली. तिचा चेहरा आईकडून वळला, भिंतीवरून गेला, आणि झरोक्यापाशी येऊन थांबला. तिच्या जागेवरून झरोक्याबाहेरचं काहीतरी दिसत असणार. आईला अलीकडून फक्त उजेडाचा चौकोन दिसत होता. बादली भरून वाहत होती. नळ बंद करायला हवा होता, पाणी कोमट होतं तोवर अंघोळ उरकायला हवी होती, पाठ परत ठणकायला लागायच्या आत. ती साखळी धरून तशीच उभी राहिली.

"काय दिसतंय गं तिथून?" तिनं विचारलं.

या प्रश्नाला त्यांच्याकडे खूण नव्हती. भिंगरीनं मान वळवली नाही. ती बघत होती.